इटालियन शिकायचं: ऑपेराच्या वेडावर की क्लास लावून?

लंडनमधल्या माझ्या इंग्रज शेजारीणबाईंना साठाव्या वर्षी इटालियन शिकायचंय. ऑपेराचं, म्हणजे बरेचदा इटालियनमधून गायल्या जाणाऱ्या संगीत नाटकांचं, वेड आहेच. तेवढ्यावर भागवायचं की क्लास लावायचा, हा त्यांचा घोळ.

आधी वेळ बघू. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या हिशेबाने इंग्रजी भाषकाला इटालियनसाठी साधारण 600 ते 750 तास लागतात. क्लास आठवड्याला दोन तास देणार. वेडाला रोज स्वयंपाक करतानाही दोन मिळतात. इथे वेड सरळ जिंकतं.

अचूकपणात मात्र ते तोंडघशी पाडतं. ऑपेरात हृदयाला ‘कोरे’, आशेला ‘स्पेमे’. आज भाजीवाल्याशी असं बोललात तर तो बघतच राहील. रोजचे शब्द ‘क्वोरे’ आणि ‘स्पेरान्त्सा’. शिवाय जोडव्यंजनं. ‘आन्नी’ म्हणजे वर्षं, ‘आनी’ म्हणजे गुदद्वारं. बाईंनी मोठ्या झोकात स्वतःचं वय सांगितलं आणि साठ भलतंच काही निघालं! (मका आणि मक्का सहज वेगळे म्हणणाऱ्या आपल्याला हे सोपं, इंग्रजांच्या कानाला तो फरकच लागत नाही.) असल्या चुकीला समोरून टोकणारं माणूस लागतं.

खर्च? क्लासची फी, नाहीतर ऑपेराची तिकिटं. दोन्ही महागच.

ज्यांना इटालियन जोडीदारामुळे इटलीचं नागरिकत्व हवं असेल, त्यांना 2018पासून इटालियनचा बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचा दाखला लागतो. त्यांनी क्लासच लावावा. बाईंना दाखला नकोय. त्यांनी ऑपेरा चालू ठेवावा आणि महिन्यातून दोनदा टोकणारी शिकवणी घ्यावी.