बॅरन बेटाचे पैसे घेतले, बाराटांगचा चिखल दाखवला

अंदमानच्या बॅरन बेटावर नेणाऱ्या ‘ज्वालामुखी फोटोग्राफी टूर’च्या जाहिराती पुन्हा फिरायला लागल्या आहेत. दिवाळीनंतर तिकडचा मोसम सुरू होतो, लोक आत्ताच आगाऊ रक्कम भरतात, म्हणून हे लगेच लिहितो आहे. अशाच एका टूरमध्ये आमच्या ग्रुपचे माणशी ४२,००० रुपये गेले.

आमच्यात भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक होते. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी म्हणून त्यांनी नोकरीभर मुलांना बॅरनचं नाव पाठ करायला लावलं होतं. १७८७ साली त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली, एकोणिसाव्या शतकानंतर तो दीर्घकाळ शांत होता आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला, हे सगळं त्यांनीच आम्हाला सांगितलं. एकदा डोळ्यांनी बघायचाय, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांची ही इच्छा त्या एजंटला पहिल्याच फोनवर कळली आणि त्याने तिचाच वापर केला, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

एजंट अस्खलित मराठी बोलायचा, कोणती लेन्स घ्यावी हेही सांगायचा. “सर, बेटावर उतरूनच शूट करायचं. रात्री तंबूत मुक्काम, समोर लाव्हा.” टूरच्या पैशांखेरीज प्रत्येकी ९,००० रुपये ‘परमिट फी’ घेतली आणि वनखात्याचा शिक्का असलेलं पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. पैसे मात्र कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यावर, यूपीआयने.

आता खरी परिस्थिती. बॅरन पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, ईशान्येला १३५ किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे माणसांची वस्ती नाही. पर्यटकांना बेटावर उतरू देत नाहीत. परवानगी असलेल्या बोटीतून लांबूनच बघायचं. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधु संकल्प’ या संशोधन जहाजावरून त्या भागात काम करत असताना ज्वालामुखी राख ओकायला लागला. त्यांनीसुद्धा त्याचं निरीक्षण साधारण मैलभर अंतरावरून केलं. दिवसा त्यांना फक्त राखेचे ढग दिसले, लाव्हाची लाल कारंजी दिसली ती सूर्य मावळल्यावर. त्यामुळे इथला खरा फोटो म्हणजे डोलत्या डेकवरून, लांब लेन्सने, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवून काढलेला. तोही ज्वालामुखी त्या वेळी जागा असेल तर. ट्रायपॉडचा तिथे काही उपयोग नाही, डेकच हलत असतो. त्या जाहिरातीत मात्र दोरखंडासारख्या वळ्या पडलेल्या लाव्हाशेजारी माणसं उभी होती. परतल्यावर ते फोटो इमेज सर्चमध्ये टाकले, तर ते हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीचे निघाले.

बोट सुटायच्या संध्याकाळी निरोप आला, “समुद्र खवळलाय, तटरक्षक दलाने परवानगी रद्द केली.” समुद्र खरोखर खवळतो आणि फेऱ्या खरोखर रद्द होतात. म्हणूनच ही थाप खपते. बदल्यात दुसऱ्या दिवशी ‘दुसरा ज्वालामुखी’ दाखवतो म्हणाला.

पहाटे आम्हाला जीपमधून बाराटांग बेटावर नेलं. जिरकाटांगच्या नाक्यावरून पुढचा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, वाटेत थांबायला आणि फोटो काढायला सक्त मनाई असते. तिथे ड्रायव्हर म्हणाला, “थोडे जास्त द्या, जारवा दिसले तर गाडी हळू करतो.” आम्ही साफ नकार दिला. जारवांचे फोटो काढणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी रस्त्याकडेच्या माणसांकडे प्रदर्शन म्हणून बघायचं? असं कोणी सुचवलं तर गाडीचा नंबर टिपून पोलिसांना कळवा.

बाराटांगला चिखलाचा ज्वालामुखी आहे. जमिनीखालच्या वायूच्या दाबाने करडा चिखल वर येतो आणि त्यात बुडबुडे फुटतात. लाव्हा नाही, आग नाही. शिक्षकांनी चिखलाला बोट लावलं, तो गार होता. ते काही बोलले नाहीत. ठिकाण म्हणून बाराटांग चांगलंच आहे, खारफुटीतून होडीने चुनखडीच्या गुहांपर्यंत जाणं तर फार सुंदर. पण त्यासाठी ४२,००० कोणी देत नाही.

परतल्यावर परवान्याचं पत्र वनखात्याच्या कार्यालयात दाखवलं. ते त्यांचं नव्हतंच. एजंटला फोन केला तर म्हणाला, “पावतीवर ज्वालामुखी दर्शन लिहिलंय, ते झालं.” नंतर त्याने नंबर बंद केला. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर त्या खात्यातून बरीचशी रक्कम काढून घेतलेली होती. ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तो आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येतो, अंदमानला खेटे घालावे लागत नाहीत.

बॅरनची फेरी ठरवायची असेल तर बोटीचं नाव विचारा, परवानगी कोणत्या कार्यालयाची ते विचारा आणि त्या कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करा. बेटावर उतरवतो असं कोणी म्हणालं, तर बोलणं तिथेच थांबवा. ज्यांनी पैसे आधीच भरलेत त्यांनी चॅट, पावती आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि प्रवासाच्या तारखेची वाट न बघता आजच १९३० ला फोन करावा.