शंभर टक्के अचूक मॉडेल आणि माझे ५,९९८ रुपये

गेल्या आठवड्यात एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, तुम्ही केलेली ती एआय इंटर्नशिप मीही करू का? आज रात्री १२ पर्यंत सीट लॉक करा म्हणतायत." तिला मी लगेच फोन केला आणि थांबवलं. पण लिंक्डइनवरची माझी जुनी पोस्ट बघून अजून किती जण तिकडे गेले असतील, ते कळायला मार्ग नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी पुण्यात एमएस्सी स्टॅटिस्टिक्स करते. घर लातूरला, पप्पा मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग आलं, चार क्रेडिटचं. ते कुठे करायचं हे आमच्या कॉलेजात ज्याने त्याने शोधायचं. ज्यांच्या घरात कोणी आयटीत आहे त्यांचं एका फोनवर जमतं. मी जानेवारीभर ४० च्या वर मेल टाकले. उत्तरं तीन आली, तिन्ही नकाराची. फेब्रुवारी उजाडला, वर्गातल्या मुलींची लेटरं जमा व्हायला लागली आणि मला रात्री झोप येईना. मी फसले ती या अवस्थेत. माहिती कमी पडली म्हणून नाही. तुमच्याकडे वेळ उरलेला नाही हे त्या लोकांना नेमकं माहीत असतं, आणि ते त्याच महिन्यात येतात.

व्हॉट्सअॅपवर एक लिंक आली. 'डेटा सायन्स आणि एआय इंटर्न, वर्क फ्रॉम होम, स्टायपेंड महिना ८,०००.' दहा प्रश्नांची परीक्षा झाली. मीन आणि मीडियनमधला फरक काय, या दर्जाचे प्रश्न. पंधरा मिनिटांत निवड झाल्याचा मेल आला. ४९९ रुपये नोंदणी फी भरली की ऑफर लेटर मिळणार होतं. ते भरले. लेटर रंगीत होतं, गोल शिक्का होता, खाली सरकारी वाटणाऱ्या लोगोंची रांग होती. मी त्याचा स्क्रीनशॉट पप्पांना पाठवला. त्यांनी तो आडतीवरच्या सगळ्यांना दाखवला.

दोन दिवसांनी फोन आला. बोलणारी मुलगी माझ्याच वयाची वाटली, मराठी बोलत होती, अगदी आपुलकीने. म्हणाली, "बरेच जण मधेच सोडून जातात ना, म्हणून ३,५०० सिक्युरिटी डिपॉझिट घेतो. पहिल्या स्टायपेंडबरोबर परत येतं. पण आज रात्री १२ पर्यंतच, वेटिंग लिस्टला खूप जण आहेत."

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण मी तिथेच थांबायला हवं होतं. क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे जाण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. तिथे कंपनीचं नाव नव्हतं, एका माणसाचं आडनावासकट नाव होतं. मी ते वाचलं. फोन करून विचारलंही. "ते आमचे अकाउंट्स हेड आहेत," असं उत्तर मिळालं, आणि मी पिन टाकला. माझं मन मला सांगत होतं, मीच ऐकलं नाही.

मग ग्रुपमध्ये घेतलं. दोनशेच्या वर मुलं, आणि मेसेज फक्त अॅडमिन टाकणार. एकमेकांशी बोलायची सोयच ठेवलेली नव्हती. पहिला आदेश आला की ऑफर लेटर लिंक्डइनवर टाका, कंपनीला टॅग करा, नाहीतर सर्टिफिकेट अडकेल. मी टाकलं. अभिनंदनाचा पाऊस पडला. पुढच्या आठवड्यात 'जीपीयू सर्व्हर', म्हणजे मॉडेल चालवायला लागणारा वेगवान संगणक, त्यासाठी १,९९९ मागितले. तेही दिले. त्या पैशांत जो सर्व्हर मिळाला तो म्हणजे गूगल कोलॅबची एक लिंक होती. कोलॅब म्हणजे ब्राउझरमध्येच पायथन चालवायची गूगलची सोय, ती कोणालाही फुकट उघडता येते, आमच्या प्रॅक्टिकलला आम्ही रोज तेच वापरतो. मला ते त्याच क्षणी दिसलं. पण तोवर जवळजवळ सहा हजार गेले होते आणि 'चुकलं' असं स्वतःशी म्हणायचीही हिंमत होत नव्हती.

काम काय दिलं? टायटॅनिकचा डेटा. हे शिकणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. ८९१ प्रवासी, कोण वाचलं आणि कोण बुडालं ते मॉडेलने, म्हणजे डेटावरून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामने, सांगायचं. आम्हाला मिळालेली फाइल सीबॉर्न या पायथन लायब्ररीबरोबर येते तीच होती. त्या फाइलमध्ये एक खोच आहे. 'सर्व्हाइव्ह्ड' नावाच्या रकान्यात ० किंवा १ असतं, आणि पुढे 'अलाइव्ह' नावाच्या दुसऱ्या रकान्यात तेच उत्तर हो-नाही असं पुन्हा लिहिलेलं असतं. तो दुसरा रकाना काढून टाकायचा असतो. रात्री दीड वाजता, डोळे मिटत असताना, मी तो काढायला विसरले. म्हणजे प्रश्नपत्रिकेलाच उत्तर चिकटवून मॉडेलला दिलं. अचूकता आली शंभर टक्के.

मी तसंच सबमिट केलं. मिनिटाच्या आत मेंटॉरचा मेल आला, 'उत्कृष्ट काम, पुढचा टप्पा अनलॉक.'

दुसऱ्या दिवशी तो रिपोर्ट घेऊन मी विभागातल्या मॅडमकडे गेले, ऑन जॉब ट्रेनिंगच्या फॉर्मवर त्यांची सही हवी होती. त्यांनी चष्मा वर केला, आकडा बघितला आणि विचारलं, "शंभर? बायका वाचल्या, पुरुष बुडाले एवढा एकच नियम लावला तरी ७९ टक्के येतात. चांगलं मॉडेल ऐंशीच्या आसपास घुटमळतं. शंभर आले म्हणजे उत्तर कुठून तरी आत शिरलंय. तुझ्या मेंटॉरने हे विचारलं नाही?" अर्ध्या मिनिटात त्यांनी तो रकाना बोटाने दाखवला. मग शांतपणे म्हणाल्या, "बाळा, तुझं काम तिकडे कोणी वाचतच नाहीये."

तिथे मला रडू आलं. पैशांचं दुःख होतंच. पण मी दोन आठवडे जागून, आलेख पुन्हा पुन्हा सुबक करून जे पाठवत होते ते कुणी उघडूनही बघत नव्हतं, हे जास्त लागलं. खऱ्या इंटर्नशिपमध्ये चूक काढणारा माणूस असतो. शिकणं त्याच्यामुळे होतं. तो नसेल तर तुम्ही घरी बसून फुकट करता तेच काम पैसे देऊन करताय.

मॅडमनीच मला बसवून कंपनी कशी तपासायची ते दाखवलं. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर कोणत्याही नोंदणीकृत कंपनीचं नाव शोधता येतं, स्थापनेची तारीख दिसते. लेटरवर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलं होतं, पण त्या नावाची कंपनीच तिथे नव्हती. लेटरवर २१ अक्षरी कंपनी क्रमांक नव्हता, होता तो फक्त उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा. ती नोंदणी फुकट होते आणि स्वतःच दिलेल्या माहितीवर होते. तुमच्याकडून काम कसं करून घेतलं जाईल याबद्दल ती काहीच सांगत नाही. हे तपासायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मी ४० मेल लिहिले होते, ही दहा मिनिटं काढली नव्हती.

त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्यावर अॅपमध्ये दिसणारा व्यवहाराचा ओळख क्रमांक), क्यूआरचा स्क्रीनशॉट, लेटर, चॅट, सगळं लागतं. माझं अर्धं चॅट गेलं होतं, कारण ग्रुपमधले मेसेज सात दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी त्यांनी व्यवस्था केली होती. तुम्ही अशा कुठल्या ग्रुपमध्ये असाल तर आत्ताच स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि पैसे गेल्यावर तासाभरात १९३० ला कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत तीन आठवडे उलटले होते. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे अजून मिळालेले नाहीत.

जे लिहायला सगळ्यात जड जातंय ते शेवटी लिहितेय. त्यांनी सांगितलं होतं, दोन मैत्रिणी आणल्यात तर शिफारसपत्र मिळेल. मी माझ्या रूममेटला नेलं. तिने माझ्याकडे बघून, फक्त माझ्यावर विश्वास ठेवून ३,९९९ भरले. तिची आई मेसला पोळ्या करते. मी तिला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, बराच वेळ पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तेव्हापासून शिकवण्या घेते, बारावीच्या दोन मुलांच्या. तिला महिना हजार देते. ती नको म्हणते, मी उशीखाली ठेवते.

पप्पांना मी महिनाभर सांगितलं नव्हतं. ती परत मिळेल, म्हणजे दिवाळीसाठी पैसे साठवतोय असं समजून त्यांनी डिपॉझिटची रक्कम पाठवली होती. शेवटी फोनवर सांगितलं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "आडतीवर रोज फसवणारे येतात गं. तू आधी सांगायचं होतंस." लाज वाटून गप्प बसलात तर त्या लोकांना अजून एक महिना मिळतो. माझ्या गप्प बसण्यामुळे त्यांना मिळाला.

माझं ऑन जॉब ट्रेनिंग नंतर विभागातच झालं. मॅडमच्या ओळखीने एका छोट्या रुग्णालयाची ओपीडीची रजिस्टरं मिळाली. एकाच रजिस्टरमध्ये तारखा तीन पद्धतींनी लिहिलेल्या, वयाच्या रकान्यात 'दीड म.' म्हणजे दीड महिना, आणि एकाच बाईचं नाव चार वेगवेगळ्या स्पेलिंगने. नुसती सफाई करण्यात पाच आठवडे गेले. मॅडमनी त्यात माझ्या अकरा चुका काढल्या. स्टायपेंड नव्हता, फीही नव्हती.

लिंक्डइनवरची ती पोस्ट मी काढलेली नाही. तिच्याच वर, जे घडलं ते लिहून ठेवलंय, म्हणजे कंपनीचं नाव शोधत येणाऱ्याला आधी ते दिसेल. ज्युनियरने ४९९ भरले होते, डिपॉझिट भरलं नाही. रूममेटचे शेवटचे ९९९ पुढच्या महिन्यात देईन.