पोस्टफिक्स आणि डव्हकॉट, आठ-नऊ महिन्यांनंतर: सगळं झकास, तो एक शून्य सोडून

स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा तर मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स कसं बसवायचं, खात्यांतले मेल दाखवणाऱ्या डव्हकॉटला कसं जोडायचं, मेल खरंच आपल्याकडूनच गेलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी कुठे टाकायच्या, हे शंभर ठिकाणी लिहिलेलं आहे. ते इथे परत लिहीत नाही. हा फक्त वापराचा अनुभव आहे आणि त्यातला निम्मा राग एकाच सेटिंगवर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचं आणि त्याच शेठच्या मार्केट यार्डातल्या अडतीचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे असतं. पंचवीसेक मेल खाती. आधी सगळी भाड्याच्या सेवेवर होती, खात्यामागे महिन्याला सव्वाशे रुपये. निम्म्या खात्यांत आठवड्याला दोन मेल येत नाहीत, तरी भाडं पूर्ण. शेठनी बिल बघितलं आणि म्हणाले, "कामून द्यायलाव एवढं? गोदामात जुना कॉम्प्युटर पडलाय की, त्याच्यावर करा."

गोदामातला कॉम्प्युटर चालत नाही, हे पटवायला बराच वेळ गेला. साध्या ब्रॉडबँडचे आयपी बहुतेक करून स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल घेऊ नये अशा आयपींच्या) आधीच असतात, एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे मेल जातो ते पोर्ट २५ बऱ्याचदा बंद असतं आणि आयपीवरून नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड आपल्या हातात नसतो. शिवाय मिलच्या मोटारी चालू झाल्या की ऑफिसातल्या ट्यूबलाइटी मिचमिचतात, तिथे सर्व्हर काय टिकणार? शेवटी मुंबईतल्या डेटा सेंटरमधला चार जीबीचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर घेतला, महिना नऊशेच्या घरात. पंचवीस खात्यांचे तीन हजारांच्या वर जात होते, आता नऊशे. शेठचा विषय तिथेच संपला.

माझा सुरू झाला. व्हीपीएसवाल्याकडे दोनच मागण्या होत्या: पोर्ट २५ उघडा आणि आमच्या आयपीला आमच्या नावाचा पीटीआर लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनी पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत. आयपीवरून नाव आणि नावावरून तोच आयपी जुळायला हवा, एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तरी हवंच, आणि दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्याला दोन्ही, वर डीमार्कही (तपासणीत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). हे सगळं तिकिटात लिहून दिलं. उत्तर आलं, "कृपया ब्राउजरची कॅशे साफ करून पाहा." दुसऱ्या तिकिटाला तेच. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तिचीसुद्धा एवढी वाट पाहिल्याचं आठवत नाही. अखेर रात्रपाळीला कुणीतरी जाणकार माणूस होता, त्यानं दोन ओळींत विचारलं आणि लगेच करून दिलं. त्या माणसाला साखर-खोबरं, बाकी सपोर्टला शून्य.

शून्यावरून आता मूळ दुखण्याकडे.

पोस्टफिक्समध्ये डिले वॉर्निंग टाइम नावाचं एक सेटिंग आहे. मेल क्यूमध्ये, म्हणजे रवाना व्हायच्या रांगेत, अडकून पडला तर पाठवणाऱ्याला किती तासांनी कळवायचं, ते यात सांगायचं. आपण हात लावला नाही तर असते ती मूळ किंमत शून्य तास. शून्य म्हणजे लगेच कळवतो असं नाही, कळवतच नाही. दुसरीकडे, अडकलेला मेल किती दिवस सांभाळायचा त्याची मूळ किंमत पाच दिवस. दोन्ही मिळून काय होतं ते बघा.

मुनीमजींनी हैदराबादच्या एका पार्टीला फटका तूर डाळीचं कोटेशन पाठवलं. पत्त्यातल्या डॉट कॉममधला शेवटचा एम राहिला, डॉट को झालं. त्या नावाचं डोमेन खरंच कुणीतरी घेऊन ठेवलेलं आहे, पण तिथे मेल घेणारं कुणी नाही. डोमेनच नसतं तर पोस्टफिक्सनं मेल तिथल्या तिथे परत केला असता. इथे पत्ता सापडतो आणि दार कुणी उघडत नाही, म्हणून लॉगमध्ये ओळ पडते: स्टेटस डिफर्ड, कनेक्शन टाइम्ड आउट, म्हणजे समोरून उत्तर नाही, मेल पुढे ढकलला. मग पाच मिनिटांनी परत प्रयत्न, पुढे अंतर वाढत वाढत तास-सव्वातासाला एक. असं पाच दिवस. तोवर मुनीमजींच्या थंडरबर्डमध्ये तो मेल सेंटमध्ये शांत बसलेला.

"पार्टी म्हणायलीय, मेल आलाच नाही," शेठ.

"मी पाठवला की ओ. सेंटमध्ये दिसायलाय बघा," मुनीमजी.

दोघंही खरं बोलत होते. तुरीचा भाव सकाळचा संध्याकाळी राहत नाही आणि कोटेशन पाच दिवसांनी बाउन्स होऊन, म्हणजे न पोचता परत आलं. पार्टीनं तोवर दुसरीकडून माल उचललेला.

पाच दिवस का, ते मला समजतं. मेलच्या देवाणघेवाणीचे नियम सांगणाऱ्या २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येच म्हटलंय की हार मानायला साधारण चार-पाच दिवस तरी लावा. समोरचा सर्व्हर शनिवार-रविवार बंद पडला तर मेल वाया जाऊ नये. ठीक. पण पाठवणाऱ्याला एका शब्दानं सांगायला काय जातं? एक्झिम हा दुसरा मेल सर्व्हर तेच काम करतो आणि त्यात २४ तासांनी इशारा आपोआप जातो. पोस्टफिक्स वित्सा वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलं, १९९८ साली बाहेर आलं. इतकं विचारी सॉफ्टवेअर मी दुसरं पाहिलं नाही. एक प्रोसेस पडली तरी मेल हरवत नाही. अशा सॉफ्टवेअरमध्ये हा शून्य म्हणजे दुधात खडा. मी तो काढून एक तास केला आणि क्यूची मुदत एका दिवसावर आणली.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि चारपैकी अडीच तारे द्यायचं ठरलं होतं. त्यानंतर जे झालं त्यानं मत जरा बदललं.

एक तासाचं सेटिंग लागू झालं आणि ऑफिसात गोंधळ सुरू. बरेच सर्व्हर अनोळखी माणसाला पहिल्यांदा "थोड्या वेळानं या" म्हणून परत पाठवतात, ग्रेलिस्टिंग म्हणतात त्याला. एरवी काही मिनिटांत सुटणारा मेल कधी तासाच्या पुढे रेंगाळतो. तसा रेंगाळला की मुनीमजींना इंग्रजीतून 'डिलेड मेल' असा मथळा असलेलं पत्र. आत वर-खाली हॅशच्या चिन्हांची चौकट आणि मधे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की हा फक्त इशारा आहे, मेल परत पाठवायची गरज नाही. मुनीमजींनी ती चौकट बघितली, व्हायरस समजले आणि मेल परत पाठवला. पुन्हा चौकट, पुन्हा मेल. नांदेडच्या एका पार्टीला एकच कोटेशन तीनदा गेलं आणि तिकडून फोन आला, "तीन ट्रकचं आहे का एकाच?"

तेव्हा कळलं की शून्य ठेवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असे मुनीमजी असणार. आता चार तासांवर ठेवलंय.

खरी मजा त्यापुढे. पोस्टफिक्सच्या या पत्रांचा मजकूर आपल्याला बदलता येतो. बाउन्स टेम्प्लेट म्हणून एक फाइल असते, नमुना सोबतच येतो. त्यात चारसेटच्या (कुठली अक्षरं चालतील त्या) ओळीत फक्त इंग्रजीपुरतं यूएस-आस्की असतं ते यूटीएफ-८ करायचं, की खालचा मजकूर मराठीत लिहिता येतो. ही ओळ बदलल्याशिवाय मराठी चालत नाही. मथळा मी इंग्रजीतच ठेवला. मजकूर हा:

"तुमचा मेल अजून पोचलेला नाही. सर्व्हर प्रयत्न करतोय. परत पाठवू नका. खाली दिलेला पत्ता एकदा नीट वाचा, चुकला असेल तर फोन करा."

तासांचा आकडा हवा असेल तर त्याचं नाव डॉलरचं चिन्ह लावून लिहायचं, सेटिंगमधला आकडा आपोआप बसतो. पोस्टफिक्सच्याच पोस्टकॉन्फ या कमांडला बी पर्याय देऊन पत्र कसं दिसेल ते आधीच बघता येतं. त्यानंतर मुनीमजींचा पहिला फोन आला, "सर्व्हर मराठीत बोलायलाय की! पत्त्यात एक अक्षर चुकलंय, ते दुरुस्त करून पाठवू का?" भाड्याच्या सेवेत हे जन्मात झालं नसतं.

बाकीचं भराभर. इंटरनेटवरच्या तयार नमुन्यांत स्पॅमहाउसची तपासणी लावलेली असते आणि व्हीपीएसवर कुठला तरी सार्वजनिक डीएनएस (नावांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर). स्पॅमहाउस अशा डीएनएसवरून आलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एक खुणेचा आकडा देतं. नुसतं "काहीतरी उत्तर आलं की नाकार" असा नियम असेल तर येणारा प्रत्येक मेल स्पॅम ठरतो. सर्व्हरवरच अनबाउंड, म्हणजे स्वतःचा डीएनएस बसवा आणि कोणते आकडे धरायचे ते नियमात लिहा. सुरक्षित जोडणीसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतं, पण डव्हकॉटला रीलोड सांगावं लागतं, नाहीतर अडतीवरचा आउटलुक ओरडतो. मेलची कमाल साइज मूळची दहा एमबीच्या आसपास आहे आणि अटॅचमेंट पाठवताना ती एक तृतीयांशानं फुगते, म्हणजे काट्याच्या पावत्यांचं आठ एमबीचं स्कॅनसुद्धा अडतं. मी मर्यादा वाढवली. स्पॅम गाळणाऱ्या आरस्पॅमडीबद्दल तक्रार नाही.

सगळ्यात उपयोगाचा निघाला तो लॉग. "मेल आला नाही" म्हणणाऱ्याला आता वेळ, समोरच्या सर्व्हरचं नाव आणि त्याची २५०ची पावती दाखवता येते. अर्थात २५० म्हणजे त्यांच्या सर्व्हरनं मेल घेतला एवढंच. पुढे इनबॉक्समध्ये टाकला का स्पॅममध्ये, ते आपल्याला दिसत नाही. तरी मुनीमजी आणि शेठ यांच्यातले निम्मे वाद यानं मिटले. भाड्याच्या सेवेत लॉग मागितला तर वरच्या प्लॅनचं दरपत्रक यायचं.

एक दुखणं शिल्लक आहे. आमच्या आयपीच्या शेजारी बसलेला कुणीतरी स्पॅम सोडतो, मग एखादी यादी अख्खी रांगच काळी करते आणि पुण्यातल्या एका पार्टीचा सर्व्हर आमचे मेल नाकारतो. आयपी बदलून मागितलाय. तिकिटाला उत्तर आलंय, ब्राउजरची कॅशे साफ करा म्हणून. मी आता तिकीट रात्री अकरानंतरच टाकतो. चारपैकी साडेतीन तारे. अर्धा त्या शून्यासाठी कापलाय, तो काही परत देत नाही.