खानापूरच्या स्लो लाईनवर माइनक्राफ्ट सर्व्हर: पावसाळा ते दिवाळी

आधी लाईन कसली आहे ते सांगतो, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं गाव, केबलवाल्यानं खांबांवरून ओढलेली फायबर. डाऊनलोड पंधरा-वीस एमबीपीएस, अपलोड मात्र २ च्या आसपास. सर्व्हर घरात ठेवला की डाऊनलोडचा फारसा उपयोग नसतो. खेळणाऱ्यांकडे जे जातं ते सगळं तुमच्या अपलोडमधून जातं, आणि २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम २५० किलोबाइट.

एवढ्यावर मी जूनपासून माइनक्राफ्ट या ब्लॉक रचायच्या खेळाच्या जावा एडिशनचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीचा, सर्व्हर चालवतोय, पेपर नावाच्या सॉफ्टवेअरवर. जुना लॅपटॉप, त्यातली ४ जीबी रॅम सर्व्हरला दिलेली. गल्लीतली पोरं मोबाइलवर खेळतात, ती गीझर प्लगिनमुळे आत येतात, ते मोबाइलवरच्या आवृत्तीला या सर्व्हरशी जोडून देतं. आतेभाऊ पुण्याहून आणि एक मित्र पणजीहून कॉम्प्युटरवरून येतो. संध्याकाळी सहा-सात जण असले तरी खेळ व्यवस्थित चालतो. पण त्यासाठी लाईनला शिस्त लावावी लागली.

माझं ठाम मत असं झालंय की स्लो लाईनवर खेळ बिघडतो तो वेग कमी म्हणून नाही, तर लाईन तुंबते म्हणून. आईचा फोन वायफायला जोडला गेला की फोटोंचा बॅकअप सुरू होतो. ५ एमबीचा एक फोटो २ एमबीपीएसवर जायला वीस सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ खेळाच्या डेटाची बारीक पाकिटं त्याच्या मागे रांगेत उभी. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, एरवी ४० मिलिसेकंद असतो, तो तेव्हा ९०० च्या वर गेलेला मी बघितलाय. फोडलेला ब्लॉक परत जागेवर येतो, आणि सोप्यातून आरोळी येते, ‘दादा, गेम अडकालाय की!’

यावर उपाय एकच, आणि तो पैसे देऊन वेग वाढवण्याआधी करावा. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरची मोफत सिस्टिम) चालेल असा राऊटर घ्या, त्यात एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) चालू करा, त्यातली केक ही पद्धत निवडा आणि अपलोडची मर्यादा लाईनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवा. मी १.७ एमबीपीएस ठेवलीय. मग रांग केबलवाल्याच्या डब्यात साचत नाही, आपल्या राऊटरमध्ये राहते, आणि राऊटर खेळाच्या पाकिटांना फोटोच्या मागे ताटकळत ठेवत नाही. बॅकअपला थोडा जास्त वेळ लागतो, आईला त्याचं काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट व्ह्यू-डिस्टन्स, म्हणजे खेळाडूला किती लांबचं दिसावं याचं सेटिंग. मूळ सेटिंग १० असतं, म्हणजे खेळाडूभोवती २१ गुणिले २१, एकूण ४४१ चंक (नकाशाचे चौकोनी तुकडे). ते ५ केलं की ११ गुणिले ११, म्हणजे फक्त १२१. आकडा निम्मा केला की काम जवळपास चौथाईवर येतं. लांबचे डोंगर धुक्यात जातात, पण ज्याला घर बांधायचंय त्याचं काही अडत नाही. एका जागी बांधकाम करणारा खेळाडू लाईनला जाणवतही नाही. खरा भार टाकतो तो इलायट्रा (खेळातले पंख) लावून उडणारा, कारण त्याला सतत नवे चंक पाठवावे लागतात. एका खेळाडूला सेकंदाला किती चंक द्यायचे याची मर्यादा पेपरमध्ये घालता येते, ती मी बरीच खाली आणलीय. चंकी प्लगिननं नकाशा आधीच तयार करून ठेवला तर प्रोसेसर हलका होतो, अपलोड वाचत नाही. या दोन गोष्टींची गल्लत बरेच जण करतात.

आणि जी पोरं आमच्या सोप्यात बसून वायफायवरून १९२.१६८ च्या पत्त्यावर येतात, त्यांचा खेळ घरातल्या घरातच फिरतो. अपलोड खर्चच होत नाही. २ एमबीपीएस फक्त पुणे, पणजी आणि आपापल्या घरून खेळणाऱ्यांसाठी उरतं.

बाहेरून येण्याची वाट हा वेगळा विषय. राऊटरवर २५५६५ पोर्ट उघडून काहीच झालं नाही, कारण लाईन सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे केबलवाला एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच घरांना मिळून देतो आणि बाहेरून थेट आपल्या घरात येता येत नाही. तुमच्या राऊटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तुमचंही तेच समजा. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा थेट पत्ता, मिळत असेल तर पहिल्यांदा ते वापरून बघा. माझ्याकडे नाही, म्हणून प्लेइट या सेवेचा टनेल वापरतो, बाहेरचे लोक त्यांच्या सर्व्हरवरून माझ्याकडे येतात. टेलस्केल नावाचं व्हीपीएन चांगलं आहे, आतेभाऊ तेच वापरतो, पण पोरांच्या हातातले फोन घरच्यांचे असतात. त्यात व्हीपीएन टाका म्हणणं मला पटत नाही.

पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते हे या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. लॅपटॉप घ्यायचं कारण तेच, बॅटरी आत असतेच. राऊटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की स्क्रिप्ट सर्व्हरला स्वतःहून स्टॉप देते. मध्येच बंद पडला तर रीजन फाइल (नकाशा साठवलेली फाइल) खराब होऊ शकते आणि पोरांचं बांधकाम जाऊ शकतं. रात्रीचा बॅकअप पेनड्राइव्हवर, क्लाउडवर नाही. खांबावरची तार झाडाच्या फांदीनं तुटली तेव्हा मात्र काही चाललं नाही. चार दिवस बाहेरचे लोक बंद, सोप्यातले चालू.

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला झालाच, शिवाय सर्व्हरवर बेळगावजवळचा राजहंसगड उभा राहिला. मराठी शाळेतली आणि कन्नड शाळेतली पोरं एकत्र, एकानं तट उचलला, दुसऱ्यानं बुरूज. त्या आठवड्यात सगळे एकाच जागी होते, नवे चंक जवळजवळ कुणालाच लागत नव्हते, आणि सर्वांत जास्त खेळाडू असूनही पिंग हलला नाही. मला या सर्व्हरचं सगळ्यात जास्त समाधान त्या दिवसांत मिळालं.

खर्च म्हणाल तर लॅपटॉप २५ वॉटच्या आसपास खातो, म्हणजे महिन्याला साधारण १८ युनिट. व्हाइटलिस्ट (ठरवलेल्या नावांनाच आत घेणारी यादी) चालू ठेवा, अनोळखी कुणी नको. बाहेरून एकाच वेळी दहाच्या वर लोक येणार असतील, किंवा सगळ्यांना उडत नकाशा पालथा घालायचा असेल, तर २ च्या अपलोडवर हट्ट धरू नका, मुंबईतला भाड्याचा सर्व्हर घ्या. त्याखाली असाल तर आधी राऊटर बदला, प्लॅन नंतर.