लगूनमधली उथळ रीफ की बाहेरची भिंत?

बेटाच्या आतल्या अंगाला शांत लगून, म्हणजे प्रवाळखडकांच्या (रीफच्या) आड अडलेलं उथळ पाणी; बाहेरच्या अंगाला खोल निळ्यात उतरत गेलेली प्रवाळांची भिंत. स्कूबा डाइव्ह एकच करायची असली की बहुतेकांचा कल भिंतीकडे असतो. ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट अजून नवंकोरं असेल, तर मी उथळ रीफच सुचवेन.

एक तर रंग. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळतं, त्यामुळे 20 मीटरवर टॉर्च नसेल तर लालभडक समुद्रपंखाही (पंख्यासारखा पसरलेला प्रवाळ) मळकट तपकिरी दिसतो. पाचेक मीटरवर ऊन थेट पोहोचतं. प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालालाही तेच ऊन लागतं. दुसरं म्हणजे हवा. 5 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दीडपट, 20 मीटरवर तिप्पट, आणि दाबाच्या पटीत प्रत्येक श्वासाला टाकीतली हवा जास्त लागते. म्हणजे श्वासाची लय तीच ठेवली तर उथळात टाकी दुप्पट वेळ पुरते. मग एकाच खडकापाशी निवांत थांबता येतं. पोपटमासा दगड कुरतडतो तो कराकरा आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि थोड्या वेळाने तोच मासा मागून पांढऱ्या वाळूचा फवारा सोडत निघून जातो.

पण उथळ म्हणजे सोपं, असं अजिबात नाही. दाबाचा फरक पहिल्या 10 मीटरमध्येच सगळ्यात झपाट्याने होतो, त्यामुळे कान तिथेच दुखतात आणि बॉयन्सीही, म्हणजे पाण्यात तरंगण्याचा तोल, तिथेच हातातून निसटते. वर लाटांचे हेलकावे. पायातली फिन जरा खाली गेली की वाळूचा ढग उठतो, नाहीतर प्रवाळाची फांदी मोडते. ओहोटीला लगूनमधलं गढूळ पाणी बाहेर पडतं. भरतीची वेळ गाठलेली बरी.

भिंतीचा थरार खराच. एका हाताला समुद्रपंखे नि पिंपाएवढे स्पंज, दुसऱ्या हाताला नुसता निळा पसारा. त्यातून कधी बाराकुडांचा थवा, कधी रीफ शार्क. मात्र खाली तळच दिसत नसल्याने आपण किती खोल गेलो हे कळत नाही. ओपन वॉटरची 18 मीटरची मर्यादा नकळत ओलांडली जाते. खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे सतत लक्ष हवं. खाली ओढणारा पाण्याचा प्रवाह लागला तर शांत राहून भिंतीपासून दूर सरकायचं असतं, आणि हे पहिल्याच खेपेला जमेल असं धरून चालू नये. वारा फिरला की त्या बाजूची बोट रद्द होते, ते वेगळंच.

सर्टिफिकेटच नसेल तर प्रश्न मिटला: इन्स्ट्रक्टरसोबतची ट्राय डाइव्ह 12 मीटरच्या आतच असते.

बाकीच्यांसाठी माझी कसोटी साधी आहे. सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना घ्यायच्या थांब्याला, 5 मीटरवर तीन मिनिटं दोरीला हात न लावता स्थिर तरंगता येतं का? येत असेल तर खुशाल भिंत घ्या. बोटीवर दोन टाक्या मिळत असतील तर आधी भिंत, मग पुरेशी विश्रांती घेऊन उथळ रीफ.