स्विच लाइटसाठी ‘मोशन सेट’ घेणार असाल तर

घरात निन्टेन्डोचा स्विच लाइट हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल आहे आणि दुकानात जाऊन हालचालीवर चालणाऱ्या खेळांचा ‘मोशन सेट’ विचारायचा बेत आहे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मला विकलेल्या सेटमध्ये दोन जॉय-कॉन (सुटे कंट्रोलर), एक रिंग आणि मांडीला बांधायचा पट्टा होता. पट्टा चांगला निघाला. बाकी सगळा प्लास्टिकचा देखावा.

मुळात हा सेट लागतो कशाला? निन्टेन्डोचा मोठा स्विच 2017 सालचा. त्याच्या दोन्ही कडांचे कंट्रोलर, म्हणजे जॉय-कॉन, सरकवून सुटे करता येतात. 2019 मध्ये आलेला लाइट लहान आणि स्वस्त, पण त्याचे कंट्रोलर अंगालाच जोडलेले. हालचाल ओळखणारे सेन्सर लाइटच्या पोटातही आहेत. त्यामुळे अख्खा कन्सोल तिरका करून गाडी वळवण्यासारखे खेळ त्यावर चालतात. रिंग फिट हा व्यायामाचा गेम मात्र तसा चालत नाही. त्यात एक जॉय-कॉन रिंगेत बसवायचा, दुसरा मांडीच्या पट्ट्यात, आणि जागच्या जागी धावत सुटायचं. म्हणजे सुटे जॉय-कॉन लागतातच. माझ्या लेकीला तिच्या काकाने दुबईहून लाइट आणून दिला, गेमचं कार्ड माझ्या एका मैत्रिणीने दिलं, आणि मग घरात रिंगेची भुणभुण सुरू झाली.

स्विच आपल्याकडे कंपनीने अधिकृतपणे विकायला आणलेलाच नाही. बाजारात जे दिसतं ते बाहेरून आलेलं असतं आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या परिसरातल्या ज्या दुकानात मी गेले, तिथला शब्द फार गोड होता. “ताई, शंभर टक्के ओरिजिनल, फक्त बॉक्स वेगळा आहे. बाहेरच्या देशातला लॉट.” काउंटरवर टीव्हीला मोठा स्विच लावलेला होता. त्याने दुकानातले लाल-निळे जॉय-कॉन माझ्या हातात दिले, टेनिसचा खेळ लावला, मी हात फिरवला की पडद्यावरची बॅट फिरत होती. मग काउंटरखालून तशाच लाल-निळ्या रंगाची सीलबंद पेटी काढली, वर रिंग ठेवली आणि साडेचार हजार घेतले. पेटी तिथेच उघडून दाखवा म्हटलं तर म्हणाला, “सील तुटलं की आम्हाला वरून रिटर्न मिळत नाही. घरी बघा, काही झालं तर मी इथेच आहे.” खरी मेख इथेच होती. दाखवायला एक माल आणि द्यायला दुसरा.

घरी दोन्ही कंट्रोलर ब्लूटूथवर लगेच जोडले गेले. पडद्यावर चित्रही जॉय-कॉनचंच आलं. कन्सोलला कंट्रोलर जी ओळख सांगतो तीच तो दाखवतो, नकली मालाची तो झडती घेत नाही. बटणं चालत होती, काठी चालत होती. रिंग फिट लावला तर गाडी पहिल्याच पायरीवर अडली: जॉय-कॉन रिंगेत बसवा. बसवला, काढला, पुन्हा बसवला. पडदा तेच सांगत राहिला. लेक म्हणाली, “आई, ही रिंग याला दिसतच नाहीये.”

आणि दिसणार तरी कशी? खऱ्या रिंगेत दाब मोजणारा सेन्सर असतो. आपण रिंग दाबतो किंवा ताणतो तेव्हा किती जोर लागला हे तो जॉय-कॉनच्या कडेला असलेल्या सोनेरी संपर्कपट्ट्यांमधून उजव्या जॉय-कॉनला कळवतो, आणि जॉय-कॉन ते ब्लूटूथवरून कन्सोलला. या साखळीतली एक कडी खोटी असली तरी खेळ सुरू होत नाही. आमच्याकडे दोन्ही खोट्या होत्या. रिंगेच्या खाचेत सोनेरी पट्ट्या होत्या खऱ्या, पण नखाने खरवडल्यावर एक पट्टी स्टिकरसारखी उचकटून हातात आली. खाली वायर नाही, काही नाही.

मग आमच्या गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडे उजवा जॉय-कॉन उघडून घेतला. अस्सल जॉय-कॉनच्या पाठीला तीन पात्यांच्या खाचेचे स्क्रू असतात, त्याला वेगळा पेचकस लागतो. आमच्या नगाला साधे प्लस स्क्रू होते, ते त्याच्या रोजच्या पेचकसानेच निघाले. आत हिरवा बोर्ड, लहानशी बॅटरी, आणि वजन भरावं म्हणून चिकटवलेला लोखंडी पत्र्याचा तुकडा. सेन्सरची चिप म्हणजे जेमतेम अडीच बाय तीन मिलिमीटरचा काळा ठिपका. बोर्डावर तिची जागा आखलेली होती, पण चिप नव्हतीच, नुसते कथिलाचे ठिपके. मोबाइलवाल्याने भिंगाखाली मला ते दाखवलं आणि म्हणाला, “मॅडम, हा बोर्ड सेन्सरवाल्या मॉडेलचाच आहे. चिप लावलीच नाही, तेवढेच पैसे वाचवले.” खालच्या टोकाला अस्सल मालात इन्फ्रारेड कॅमेरा असतो. रिंग फिट त्याच्यावर अंगठा ठेवायला लावून नाडी मोजतो. इथे त्या जागी काळ्या प्लास्टिकची चकती होती.

सेन्सर गाळून नकली माल विकायची ही चाल नवी नाही. निन्टेन्डोने 2000 साली गेम बॉय कलर या हातातल्या कन्सोलसाठी कर्बीचा एक खेळ काढला, तो कन्सोल तिरका करूनच खेळायचा. तेव्हा कन्सोलमध्ये सेन्सर नव्हता म्हणून तो कार्ट्रिजच्याच, म्हणजे गेमच्या कॅसेटच्याच, पोटात घातला होता. पुढे गेम बॉय ॲडव्हान्सच्या वारिओवेअर ट्विस्टेड या खेळाच्या कार्ट्रिजमध्ये जायरो, म्हणजे फिरणं ओळखणारा सेन्सर होता. जुन्या खेळांच्या शौकिनांना अशी कार्ट्रिज नकली विकली जातात तेव्हा गेम सुरू होतो, नावं झळकतात, संगीत वाजतं आणि तिरकं केल्यावर मात्र काहीच हलत नाही. कारण प्रोग्रॅमची नक्कल फुकटात होते, सेन्सरला पैसे पडतात. (कर्बीबद्दल एक गंमत: अस्सल कार्ट्रिजसुद्धा गेम बॉय ॲडव्हान्स एसपीत उलटं बसतं, त्यामुळे दिशा उलट्या होतात. तेवढ्यावरून कुणी माल खोटा ठरवू नये.)

सेन्सर नसलेला प्रत्येक कंट्रोलर नकली माल नसतो, हेही सांगून ठेवते. होरी कंपनीचा मोठ्या स्विचसाठीचा स्प्लिट पॅड प्रो हा कंट्रोलरच घ्या. त्यात मोशन नाही, थरथर नाही, तो कन्सोलला जोडूनच वापरायचा, आणि कंपनी ते लपवत नाही. माझ्या दुकानदाराला मी ‘मोशन’ हा शब्द उच्चारून माल मागितला होता आणि त्याने तो शब्द उच्चारूनच विकला.

खात्री करायची तर दुकानातच करा, आणि आपला कन्सोल सोबत न्या. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोलर्स अँड सेन्सर्स’, त्यात ‘कॅलिब्रेट मोशन कंट्रोल्स’. जॉय-कॉन सपाट जागेवर ठेवून डाव्याचं वजा किंवा उजव्याचं अधिक बटण दाबून धरायचं. सेन्सर नसेल तर गाडी इथेच अडकते. पेटीतून निघालेल्या नगावरच हे करा, काउंटरवरच्या नव्हे. ‘सील तुटेल’ म्हणाला तर पैसे खिशातच राहू द्या. रिंग फिटच्या मूळ पेटीत गेमचं कार्ड, रिंग आणि पट्टा एकत्र येतात, तेव्हा सुटी रिंग ‘ओरिजिनल’ म्हणून समोर आली तर दोनदा विचारा. शिवाय लाइटला कडेचे रूळ नसतात, त्यामुळे सुटे जॉय-कॉन त्याच्यावर चार्ज होत नाहीत, चार्जिंग ग्रिप वेगळी घ्यावी लागते. हे मला त्याने सांगितलंच नाही, पण आता त्याचं काय एवढं!

परत गेले तेव्हा आधी “कन्सोल अपडेट मारा”, मग “गेममध्ये प्रॉब्लेम”, आणि शेवटी “ताई, यावर फक्त चेकिंग वॉरंटी असते” अशी उत्तरं आली. चेकिंग वॉरंटी म्हणजे दुकानातच बघून घ्या, उंबरठा ओलांडला की तुमचं तुम्ही. बघू मात्र दिलं नव्हतं. भिंतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी होतीच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरतात. बिल न देणंही त्याच यादीत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर मी तक्रार नोंदवली, बोर्डाचे फोटो जोडले, आणि तक्रार क्रमांक दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवला.

त्यानंतर त्याचा आवाज बदलला. “ताई, एवढ्याशा गोष्टीला कशाला वर जायचं,” म्हणत त्याने जॉय-कॉनचे पैसे परत केले. रिंगेचे बाराशे मात्र अजून देत नाही. पक्कं बिल मागितलं होतं म्हणून त्याने दिलं होतं, पण त्यावर लिहिलंय ‘गेमिंग कंट्रोलर, 1 जोडी’. रिंगेचा उल्लेखच नाही, आणि आता तो म्हणतो की ती मी दुसरीकडून घेतली असेल. तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर एकेक वस्तू वेगळी लिहून घ्या, आणि जॉय-कॉनच्या पुढे ‘मोशन सेन्सरसह’ हेही.