लाकडी स्टॉल की मॉड्युलर? आधी शेवटची रात्र बघा

भोसरीत आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या मित्राने गोरेगावच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच ३६ चौरस मीटर मोकळी जागा घेतली आहे. मोकळी म्हणजे बेअर स्पेस: जमीन तुमची, वर काय उभारायचं ते तुम्ही बघा. दोन कोटेशनं त्याच्या टेबलावर आहेत. एक प्लाय-एमडीएफच्या लाकडी स्टॉलचं, दुसरं मॉड्युलर स्टॉलचं, म्हणजे सुटी जुळवायची ॲल्युमिनियम फ्रेम आणि तिच्यावर ताणून बसवायच्या कापडी प्रिंटचं. त्याच्या बाहेरदेशीच्या एका गिऱ्हाइकाने हल्ली पुरवठादारांना पर्यावरणाचे फॉर्म भरायला लावले आहेत, त्यामुळे त्याचा प्रश्न एकच होता, "यातला ग्रीन कुठला ते सांग." आमच्या कंपनीची प्रदर्शनं बरीच वर्षं मीच बघतो. टपरीवर त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही कोटेशनांवर त्रिमितीय चित्र असतं, झगझगीत. ते चित्र पहिल्या सकाळचं. स्टॉलचं खरं रूप शेवटच्या संध्याकाळी दिसतं. प्रदर्शन संपल्याची घोषणा झाली की थोड्याच वेळात एसी बंद होतो आणि हातोडे सुरू होतात. सकाळी हॉल रिकामा करून द्यायचा असतो, पुढच्या प्रदर्शनाचे टेम्पो गेटवर लागलेले असतात. अशा वेळी स्क्रू उलटे फिरवत बसायला कुणाला सवड नसते. सब्बल घालून काउंटर उपटतात, कार्पेट पात्याने कापून गुंडाळ्या करतात, आणि हॉलच्या दाराशी लॅमिनेटचे तुकडे, फ्लेक्स, पाण्याच्या बाटल्या, कॅटलॉगचे न सोडलेले गठ्ठे यांचा एकच ढीग होतो. त्या ढिगात तुमच्या स्टॉलचा किती भाग जाणार, याचं उत्तर दोन्ही ठेकेदारांकडून काढून घ्या. बाकीची तुलना त्यामागून येते.

लाकडी स्टॉल वाटतो तितका पापी नाही

'लाकडी स्टॉल म्हणजे तीन दिवसांत सगळा कचरा' हे आपण परदेशी अहवालांतून उचललेलं वाक्य आहे. आपल्याकडचा फॅब्रिकेटर प्लायचा पत्रा इतक्या सहज फेकत नाही, त्याला तो परवडतच नाही. मी ज्यांच्याबरोबर कामं केली त्यांच्या गोडाउनात प्लॅटफॉर्मच्या चौकटी, भिंतींचे फ्लॅट (मागे लाकडी पट्ट्या ठोकलेले प्लायचे सपाट पत्रे), दरवाजाच्या चौकटी रचून ठेवलेल्या असतात. पुट्टी, रंग किंवा नवं व्हिनाइल मारलं की तोच फ्लॅट पुन्हा उभा. म्हणजे ज्या स्टॉलला 'नवाकोरा' म्हणून पैसे मोजतो, त्यातला बराचसा माल आधीच चार गावं फिरून आलेला असतो. (हे कळल्यावर काही जण ठेकेदाराशी भांडतात. मी खूश होतो.)

परत जात नाही ते वेगळंच. तुमच्या लोगोच्या आकाराचा एमडीएफचा काउंटर, वळणदार कमान, छताला टांगलेली गोल पट्टी. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि फॉर्मल्डिहाइडचा गोंद. वर सनमायका चिकटला की लाकूड म्हणूनही उपयोग नाही आणि प्लास्टिक म्हणूनही नाही. ओल लागली की फुगतो. मग कुठेतरी तो जळणात जातो, आणि तो धूर अंगावर घेण्यासारखा नसतो. म्हणून लाकडी कोटेशनात मी डिझायनरने काढलेल्या वळणांवर आधी फुली मारतो. सरळ भिंती परत वापरता येतात, कमानी नाही.

मॉड्युलर: फ्रेम चांगली, पण कितव्यांदा?

ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर 'शंभर टक्के रीसायकलेबल' असं छापलेलं असतं. खोटं नाही ते. पण मूळ धातू तयार करताना किलोमागे साधारण १४ युनिट वीज जाते, आणि आपल्याकडे ती बहुतेक कोळशाची. शंभर किलोची नवी फ्रेम धरली तर १,४०० युनिट झाले. आता दिव्यांचा हिशोब करू. दहा दिवे, १५० वॅटच्या मेटल हॅलाइडऐवजी ३० वॅटचे एलईडी. रोज नऊ तास, तीन दिवस. बचत जवळपास ३२ युनिट. नव्या फ्रेमची वीज अशा दिव्यांतून भरून काढायला त्रेचाळीस-चव्वेचाळीस प्रदर्शनं लागतील. भंगारातून पुन्हा केलेल्या ॲल्युमिनियमला मूळच्या पाच टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते, तिथे गणित बदलतं.

म्हणून एका प्रदर्शनासाठी नवी फ्रेम विकत घेणं हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत वाईट पर्याय आहे, ब्रोशर कितीही हिरवं असो. भाड्याची घ्या. भाड्याची फ्रेम आधीच फिरतीवर आहे, तुमचे तीन दिवस तिच्या आयुष्यात भर घालतात. विकत घ्यायचीच असेल तर वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवा. गोरेगाव, मोशी, बंगळूरचं यंत्रांचं प्रदर्शन इमटेक्स असं दरवर्षी फिरणार असाल तर जरूर घ्या. फक्त माप जपा. ३६ चौरस मीटर एके ठिकाणी ६ बाय ६ मिळतात, दुसरीकडे ९ बाय ४. एक-एक मीटरच्या तुकड्यांत जुळणारी फ्रेम घेतली नाहीत तर दुसऱ्याच वर्षी नवे खांब घ्यावे लागतील.

कापडी प्रिंटची मोठी सोय म्हणजे घडी घालून पिशवीत जातो. मागची अख्खी भिंत एका माणसाच्या खांद्यावर. दोन टेम्पोंचं काम एकात होतं. पण यात माझीच एक फजिती सांगतो. पहिल्यांदा कापड करून घेतलं तेव्हा हौसेने त्यावर प्रदर्शनाचं नाव, साल आणि खाली कोपऱ्यात हॉल-स्टॉल नंबर छापला. सहा मीटर लांब, सुरकुती न पडणारं, उत्तम छपाईचं कापड, आणि तीन दिवसांनंतर निरुपयोगी. आमच्या गोडाउनात आज ते एका लेथवर धूळ बसू नये म्हणून घातलेलं आहे. पॉलिएस्टर आहे, कुजणार नाही, लेथच्याही आधी नाही.

पैशांचं म्हणाल तर आम्हाला मॉड्युलर पहिल्या वेळी लाकडीपेक्षा महाग पडला. दुसऱ्या वेळी फक्त मजुरी, वाहतूक आणि एक छोटं पॅनेल बदलायचं होतं.

तिसरा पर्याय कुणी विचारत नाही: आयोजकाची शेल स्कीम. नऊ चौरस मीटरचा तयार गाळा, पांढरी पॅनेलं, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या. दिसायला कळकट, पण ती पॅनेलं वर्षानुवर्षं फिरत असतात. मशीन न्यायचं नसेल, नुसते नमुने आणि कॅटलॉग असतील, तर याच्या इतकं हलकं दुसरं काही नाही. मित्राला दोन टनांचं मशीन ठेवायचं आहे, त्यामुळे त्याच्यासाठी हा पर्याय इथेच बाद झाला.

दोन्ही कोटेशनांत सारखंच लपलेलं

कार्पेट. लाकडी असो वा मॉड्युलर, खाली तेच पॉलिप्रॉपिलिनचं पातळ कार्पेट येतं, वर प्लास्टिकची फिल्म. बहुतेक वेळा एकदाच वापरून जातं. त्याऐवजी प्लॅटफॉर्मवर जोडायच्या व्हिनाइल पट्ट्या मागा, किंवा मशीनखालचा भाग उघडा ठेवा. तेल सांडतंच, कार्पेट तिथे काही कामाचं नसतं.

भिंतीवरच्या अक्षरांचं आणि बॅनरचंही बघा. सजावटीचा थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. महाराष्ट्राने प्लास्टिक-थर्माकोलवर बंदीची सुरुवात २०१८ लाच केली होती. जाड फ्लेक्स मात्र त्या नियमातून सुटतो, आणि ठेकेदार तोच पुढे करतो.

विजेचं बिल जोडलेल्या किलोवॅटवर लागतं, जळलेल्या युनिटवर नाही, निदान आम्हाला तरी असंच लागत आलं आहे. त्यामुळे दुपारी जेवायला जाताना दिवा कुणीच घालवत नाही. बचत करायचीच तर अर्ज भरतानाच लोड कमी मागा.

जागेच्या हातात काय आहे

काही गोष्टी तुमच्या कोटेशनात येतच नाहीत. म्युनिकच्या प्रदर्शन संकुलाच्या छतावर १९९७ मध्ये एक मेगावॅटचा सौर प्रकल्प बसला. हॅनोव्हरचा हॉल २६, थॉमस हेर्त्सोग यांनी १९९६ मध्ये बांधलेला, छताच्या उताराचा उपयोग करून नैसर्गिक हवा खेळवतो. आपल्याकडे दिल्लीच्या द्वारकेतलं यशोभूमी २०२३ मध्ये सुरू झालं ते सांडपाण्याचा शंभर टक्के पुनर्वापर, पावसाच्या पाण्याची साठवण आणि छतावरची सौर पॅनेलं यांच्यासह. जर्मनीत मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र छतावरची नाही, बिलातली आहे: मागे सोडलेल्या कचऱ्याचे पैसे प्रदर्शकाला वेगळे लागतात. आपल्याकडे तो खर्च ठेकेदाराच्या आकड्यात विरघळतो आणि कुणाला टोचत नाही.

आणि स्टॉलपेक्षा मोठा भाग प्रवासाचा. प्रदर्शनाच्या कार्बनच्या हिशोबात लोकांचं येणं-जाणं सहसा सगळ्यांत वरचढ ठरतं. गोरेगावला त्या दृष्टीने नशीब चांगलं आहे. लोकल आहे, हायवेवरचं गोरेगाव पूर्व मेट्रो स्टेशन आहे. भेटीच्या निमंत्रणात पार्किंगच्या नकाशाऐवजी स्टेशनपासूनचा रस्ता छापा. आपल्या माणसांनाही पुण्याहून दोन गाड्या काढून देऊ नका.

मित्राला शेवटी मी एवढंच म्हटलं, "यंदा एकच प्रदर्शन करतोयस ना? मग लाकडीच घे, पण ठेकेदाराचं गोडाउन बघून. मागची भिंत तेवढी भाड्याच्या फ्रेमवर कापडाची कर." कराराच्या कागदावर डिसमँटलिंगनंतर काय काय परत नेणार याची यादी लिहून घे, आणि शेवटच्या रात्री बायको रागावली तरी चालेल, दहा वाजेपर्यंत हॉलमध्ये थांब, असंही सांगितलं.

तो परवा भिवंडीला ठेकेदाराच्या गोडाउनात जाऊन आला. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: एका फ्लॅटची मागची बाजू. प्लायवर मार्करने लिहिलेले तीन वेगवेगळे हॉल नंबर, त्यातले दोन खोडलेले. खाली त्याचा मेसेज, "चौथा नंबर आपला. कापडावर साल नाही टाकत."